खोलीपासून जिन्यापर्यंत तीन फूट

बाळांनो, सोलरवाल्याशी आजी भांडली, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला फोनवर हसत सांगितलं. ते तसंच हसण्यावारी गेलं तर खरं काय झालं हे तुम्हाला कळायचं नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

लातूरच्या आपल्या घरी गच्चीवर एकच खोली आहे. गुडघे धरलेले असूनही तुमचे आजोबा तिथेच झोपतात, खाली यायला तयार नाहीत. खोलीतून जिन्याकडे यायचं तर गच्चीवरूनच. सोलरच्या कंत्राटदाराने नकाशा दाखवला तेव्हा मी एवढंच पाहिलं, की ही वाट तीन फूट रुंद, मोकळी दाखवली आहे. आग लागली तर माणसाला उतरता यावं, बंबवाल्याला चढता यावं, असा नियम आहे.

पॅनल बसले. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आम्ही दोघं नांदेडला लग्नाला गेलो. परतल्यावर पाहते, तर आजोबा त्या वाटेने अंग चोरून आडवे चालताहेत. मी शिवणाचा टेप लावला. सव्वा फूट.

कंत्राटदाराला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, तपासणी झाली की. वीज कंपनीचे साहेब सोता वर येऊन बघून गेले. ह्यो बघा कागद."

कागदावर सही होती, मंगळवारची तारीख होती.

"मंगळवारी घराला कुलूप होतं. जिना घरातून आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये, नांदेडला. साहेब कुठून चढले? पाइपावरून?"

"तुम्ही लई शिकलेल्या, काकू. तुम्हाला समद्यातच खोट दिसती."

"दिसली नाही. मोजली."

मी वीज कंपनीच्या कचेरीला इंग्रजीत लिहिलेला तक्रारीचा अर्ज त्याला वाचून दाखवला, प्रत्येक वाक्याचा मराठीत अर्थ सांगत. अर्ज पाठवावा लागला नाही. दोन दिवसांत दोन पॅनल सरकले.

तरी माझा विश्वास बसेना. रोज संध्याकाळी मी वर जाऊन टेप लावायची. कंत्राटदार पुन्हा येऊन काहीतरी हलवून जाईल, असंच वाटायचं. महिनाभराने एका संध्याकाळी वर गेले, तर वाट पुन्हा बंद! तुराट्यांच्या सहा मोळ्या, काही पॅनलखाली कोंबलेल्या, उरलेल्या वाटेत. तुरीच्या त्या वाळक्या काड्या आपण आंघोळीचं पाणी तापवायला जाळतो. ठिणगी पडायचा अवकाश, भडकतात.

खाली येऊन देवणीहून राहायला आलेल्या माझ्या धाकट्या जावेवर ओरडले, "वर तुराट्या कुणी टाकल्या?"

"म्या. पॅनलखाली आडोसा हाय, भिजत न्हाईत. अन् अक्का, तुम्हीच म्हणलाव की सकाळी, पाऊस येतोय, वर नेऊन टाक म्हणून."

मी म्हणाले होते. अंगणातून, आभाळाकडे बघत. महिनाभर साऱ्या जगावर संशय घेत होते, पण माझ्या तोंडातून काय निघतं तिकडे लक्ष नव्हतं.

"आता बघत काय बसलाव? धरा एक टोक," ती म्हणाली. दोघींनी मोळ्या खाली आणून मागच्या पत्र्याखाली रचल्या. आजोबा दारात उभे राहून सूचना देत होते.

आज वाट तीन फूट मोकळी आहे. तो कागदही कपाटात आहे, गच्चीवर न चढता केलेल्या सहीसकट.