जहाजावरची एकट्यांची पंगत

औंढ्याच्या बसस्थानकाकडून देवळाकडे जाताना मुंजाजी कऱ्हाळे यांचं कृषी सेवा केंद्र लागतं. दुकान पुढं, घर मागं. कोणतं बियाणं घ्यावं आणि फवारा कधी मारावा, हे सांगताना मुंजाजींचा आवाज असा लागतो, की समोरच्या शेतकऱ्यानं आपलं सगळं रान त्यांच्या हवाली करून मोकळं व्हावं. माणूस वाईट नाही. फक्त चारचौघांत आपली शोभा होऊ नये, याचा त्यांना भारी धाक. त्या धाकापायी माणूस कुठवर घसरतो, हे ज्याला बघायचं असेल त्यानं त्यांची जहाजाची सफर ऐकावी.

तर झालं असं, की तणनाशकाच्या एका कंपनीनं भरपूर माल खपवणाऱ्या दुकानदारांना समुद्राची सफर जाहीर केली. मुंबईला जहाजात बसायचं, गोवा बघायचं, खाऊनपिऊन परत यायचं. तिकीट जोडप्याचं होतं. मुंजाजींनी घरी येऊन बायकोला सांगितलं, "कंपनीनं एकट्यालाच बलावलंय." मंजुळाबाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांच्या शर्टांना इस्त्री करायला बसल्या. त्या घरात प्रश्न विचारायचं खातं एकाच माणसाकडं होतं, आणि ते मंजुळाबाईंकडं नव्हतं.

बायकोला टाळायचं कारण नांदेडचं. आदल्या वर्षी याच कंपनीचा मेळावा तिथल्या मोठ्या हॉटेलात झाला, तेव्हा मुंजाजी हौसेनं जोडीनं गेले होते. जेवायच्या वेळी बाकीच्या बाया आपापली ताटं घेऊन रांगेत लागल्या. मंजुळाबाईंनी मात्र एकच ताट वाढून आणलं, नवऱ्यापुढं ठेवलं आणि पाण्याचा जग हातात धरून त्यांच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. त्यांचं जेवण उरकल्यावर त्याच खरकट्या ताटात स्वतःला वाढून घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून चार घास खाल्ले. कंपनीचा साहेब हसत म्हणाला, "कऱ्हाळे, वेटर घरूनच आणला का?" सगळं टेबल खिदळलं.

मुंजाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न झाल्यापासून ती बाई अशीच जेवत आली होती. तिनं तसंच जेवावं हा कायदा मुंजाजींच्याच घरचा होता. पण त्या दिवशी ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नाही. त्यांना राग आला तो तिचा. पुन्हा हिला कुठं न्यायचं नाही, असं त्यांनी परतीच्या वाटेवरच ठरवून टाकलं.

मुंबईला इतर दुकानदारांना त्यांनी सांगितलं, "मंडळी तापानं पडली, काय करता." सगळ्यांनी चुकचुक केली. जहाजात पाऊल टाकलं तर तिथं खोलीच्या आधी जेवायची व्यवस्था विचारत होते. टेबलामागच्या चुणचुणीत पोरीनं हिंदीत तीन वाटा सांगितल्या. कंपनीच्या लोकांबरोबर लवकरच्या पंगतीला बसा. नाहीतर खिडकीशी एकट्याचं टेबल घ्या. नाहीतर उशिराच्या पंगतीला मोठ्या गोल टेबलावर बसा, तिथं एकेकटे आलेले प्रवासी एकत्र जेवतात.

आता आली का पंचाईत. कंपनीच्या पंगतीत सगळ्या जोड्या, त्यातल्या निम्म्या नांदेडला हजर होत्या. एखादी वहिनी जग धरून उभं राहायची नक्कल करणार, हे ठरलेलं. एकट्याच्या टेबलावर बसावं, तर आपल्याकडं मांडवात बाजूला बसून जेवणारा माणूस म्हणजे एक तर भावकीनं वाळीत टाकलेला, नाहीतर पाहुण्यांशी भांडलेला. मागं रांग खोळंबली होती. मुंजाजींनी घाम पुसला आणि गोल टेबल सांगून टाकलं. अनोळखी लोक बरे, त्यांना आपलं काही ठाऊक नाही, असा त्यांचा हिशेब होता.

त्या टेबलावर दोघं मराठी बोलणारी निघाली. एक अमरावतीच्या शिलाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या. दुसरे अकोल्याचे ओमप्रकाशजी, रेल्वेत गार्ड होते. पूर्णा-अकोला मार्गावर उभी हयात गेलेली, त्यामुळं मुंजाजींच्या हिंगोली जिल्ह्याचं नाव निघताच ते खुलले. वेटरनं भाज्यांची भांडी मधोमध ठेवली आणि तो गेला. ज्यानं त्यानं वाढून घ्यायला सुरुवात केली. मुंजाजी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वाढून घ्यायचं असतं, हे त्यांच्या हातांना माहीतच नव्हतं.

शिलाताईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मुंजाजींच्या ताटात वरण वाढलं, पोळी ठेवली. "आमचे हेही असेच होते," त्या म्हणाल्या. "मी वाढेपर्यंत ताटाला हात लावायचे नाहीत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. तुमच्या मिसेस कधी गेल्या?"

मुंजाजींनी घास तसाच गिळला. ओमप्रकाशजीही जेवायचे थांबून बघत होते, त्यांची बायकोही गेलेलीच होती. "ती घरी आहे, खुशाल आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, का आणलं नाही? आणि त्याचं उत्तर या भल्या माणसांपुढं देण्यासारखं नव्हतं. मुंजाजींनी खाली बघितलं.

"झाले दोन वर्सं," ते म्हणाले.

एकदा माणूस मारला की मग त्याचं सगळं करावं लागतं. नाव काय, कशानं गेल्या, कुठल्या दवाखान्यात, शेवटी काय बोलल्या, सगळं सांगावं लागलं, आणि मुंजाजींनी ते सांगितलं. आपली जीभ इतकी सराईत असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. शिलाताईंचे डोळे भरून आले. ओमप्रकाशजींनी पाठीवर हात ठेवला. खरं सांगायचं तर मुंजाजींना ते आवडलं. सकाळी लाज वाटायची, आज त्यांना सांगून टाकू असं वाटायचं, आणि जेवायला बसलं की शिलाताई आपुलकीनं वाढायच्या आणि विषय राहून जायचा.

मग शेवटचं जेवण आलं. ओमप्रकाशजींनी ताटातला पहिला घास काढून पानाच्या कडेला ठेवला. "घरी रोज तिच्या नावानं ठेवतो," ते म्हणाले. शिलाताईंनीही ठेवला. मग दोघं मुंजाजींकडं बघू लागली.

"ठेवा ना," शिलाताई हळूच म्हणाल्या. "मंजुळाबाईंच्या नावानं."

मुंजाजींनी भात कालवला. कालवलेलाच पुन्हा कालवला. दोघांना वाटलं, आठवण दाटली. घास त्यांनी ताटाबाहेर ठेवला. औंढ्याला या वेळी ती बाई गोठ्यातलं आवरत असेल, आणि इथं तिचा नवरा तिच्या नावानं घास काढून बसला होता. जित्या बायकोच्या नावानं! आपल्याइतका हलका माणूस या जहाजात दुसरा नसेल, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं अगदी बरोबर होतं. पुढचं जेवण त्यांना गेलं नाही. तरी निघताना शिलाताईंनी पत्ता मागितला, तेव्हा त्यांनी सवयीनं दुकानाचं कार्ड काढून दिलं.

घरी आल्यावर काही दिवस त्यांना बायकोच्या तोंडाकडं बघवेना. एकदा जेवताना म्हणाले, "तू बी बस की संगं." मंजुळाबाई म्हणाल्या, "आन् भाकरी कोन भाजंल? होऊ द्या तुमचं." झालं, तेवढ्यावर ते जेवून उठले. पेरणीचा हंगाम लागला, दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही, आणि लाजही हळूहळू पोत्यांच्या मागं सरकली.

श्रावणातल्या सोमवारी औंढ्यात दर्शनाला ही गर्दी. दुपारच्याला दुकानाच्या पायरीशी एक बाई उभी राहिली. "ओळखलंत का?" शिलाताईच होत्या. नागनाथाच्या दर्शनाला आल्या होत्या. मुंजाजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना बाहेरच्या बाहेर हॉटेलात चहाला न्यावं, म्हणून ते उठले, तोवर पाव्हनं आलेलं बघून मंजुळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्यासुद्धा.

"ह्या कोण?" शिलाताईंनी विचारलं.

"मी ह्यांच्या घरची," मंजुळाबाई म्हणाल्या. "मंजुळा. बसा ना बाई, उन्हाचं आल्या तुमी."

शिलाताईंनी मुंजाजींकडं एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी मंजुळाबाईंचे दोन्ही हात धरले. "आहात तुम्ही," त्या म्हणाल्या, "आहात!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाणी प्यायल्या, मंजुळाबाईंच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहाला न थांबता गर्दीत निघून गेल्या. मुंजाजींशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मंजुळाबाईंनी रिकामा तांब्या उंबऱ्याशी ठेवला. मग आयुष्यात क्वचित करायच्या ते त्यांनी केलं, विचारलं. "ती बाई मला बघून काहून रडली? हायेत तुमी, असं काहून म्हनली?"

थाप तयार होती. मुंजाजींच्या जिभेवर ती आलीही होती. पण शिलाताईंची ती नजर अजून अंगावरून गेली नव्हती. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि पोत्यावर बसून सगळं सांगितलं. नांदेड, जोडप्याचं तिकीट, गोल टेबल, घास. सांगताना त्यांची मान एकदाही वर आली नाही. आता ही आरडाओरडा करील, रडेल, माहेरी निघून जाईल, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं झालं तर आपण सुटू, असंही वाटत होतं.

मंजुळाबाई उंबऱ्यावर बसल्या. "मी कशानं मेले म्हनून सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तापानं."

"दवाखान्यात नेलतं का मला?"

"नेलतं. नांदेडला, मोठ्या दवाखान्यात." मुंजाजी पोत्याची सुतळी चाळवत राहिले. "दिसरात उशाशी बसून व्हतो म्हनलो."

"पिशवीचं आपरेशन झालं तवा माझ्या भावानं नेलतं," मंजुळाबाई म्हणाल्या. "तुमाला दुकानातून निघता आलं नव्हतं." आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आठवून बघणं होतं. मग त्यांनी तांब्या उचलला आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"म्हंजी मेल्यावर तरी बसलात माझ्यापाशी," असं म्हणून त्या आत गेल्या.