झुंबरबाईची वांगी

बेलापूरच्या बाजारात झुंबरबाईची पाटी कधी उरत नसे. एकाहत्तर साल ते. भोवतालच्या मळ्यांत वांग्यावर कीड मारायची विषारी पावडर मारायची चाल पडली होती. झुंबरबाई मात्र निंबोळ्या कुटून भिजत घालायची, ते पाणी झाडांवर शिंपडायची. अळीने सुकवलेला शेंडा दिसला की खुडून चुलीत घालायची. चार वांगी किडकी निघत. ती बाजूला काढून घरात शिजवायची. "माझ्या वांग्याला औषिद न्हाई," हे ती छातीठोक सांगायची.

त्या हिवाळ्यात बहिणीच्या बाळंतपणाला ती राहुरीला गेली. परतली तेव्हा वांगी नुसती चकाकत होती. एकाला भोक नाही.

"अवो, ही किमया कशी झाली?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तुझ्या निंबोळीचा गुन," कारभारी म्हणाला. "तू सांगून गेल्तीस तसंच केलं."

तिला भरून आलं. एरवी हा माणूस तिच्या कामाला हसायचा. बाजारात त्या दिवशी तिने चारचौघींत नवऱ्याचं कौतुक केलं.

पुढच्या बाजाराला पुष्पावती आली. तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. पाटीला हातही न लावता म्हणाली, "झुंबरबाई, तुमच्या वांग्यांना धुताना पावडरीचा वास येत होता. टाकून दिली मी. तुमी तरी खोटं बोलायचं नव्हतं."

झुंबरबाईने एक वांगं उचलून देठाशी हुंगलं. आणि पाटी तशीच डोक्यावर घेऊन घरी आली.

कारभारी गोठ्यात होता. "पावडर मारली ना तुमी?"

"सगळेच मारत्यात. शेजारचा सहादेव हसत हुता आपल्या किडक्या मालाला."

"मारली ती मारली. मला का न्हाई सांगितलं? माझ्या तोंडानं लोकांना खोटं सांगितलंत!"

"एवढं काय त्यात?" म्हणत तो बैलांना वैरण टाकू लागला.

त्या 'एवढं काय'नेच ती आतून तुटली. तिने खड्डा खणून पाटीतली वांगी पुरली, उभं पीक उपटलं. पुष्पावतीच्या दारात जाऊन खरं ते सांगून आली.

पुढच्या हंगामात तिने पुन्हा वांगी लावली, ती माहेरी, भावाच्या मळ्यात, राहुरीला; एस्टीने जाऊन-येऊन ती त्यांची निगा राखायची. कारभाऱ्याची भाकरी तिने कधी चुकवली नाही. पण त्याच्या भरवशावर रोपाचं एक पानसुद्धा परत सोडलं नाही.