दाराशी एकच जोडी

मेणबत्ती विझल्याचा वास आला की मला आमच्या चाकणच्या कंपनीतला पोलिश इंजिनिअर आठवतो. दर रविवारी कंपनीची गाडी सोडून तो रिक्षानं काळेवाडीला जायचा. हा आमची ड्रॉइंग्ज विकतोय, अशी माझी खात्रीच होती. एकदा मागं गेलो, तर स्वारी चर्चमध्ये शिरली. देवळात जाताना काढतो तसे बूट दाराशी काढून मी मागं उभा राहिलो. प्रार्थना मराठीत होती. त्याला ओ की ठो कळत नव्हतं, तरी सगळ्यांबरोबर गुडघे टेकून तो आपल्या भाषेत पुटपुटत होता; कंपनीत कायम आवळलेला चेहरा सैल पडला होता. मग सगळे एकमेकांकडे वळून नमस्कार करू लागले. त्यानंही वळून मला हात जोडले. बाहेर दाराशी माझेच बूट तेवढे होते. ते पाहून तो इंग्रजीत म्हणाला, "पुढच्या रविवारी बूट घालूनच आत ये." माझा संशय त्याला कळला होता, असा संशय मला अजून आहे.