दिगंबर मास्तरांच्या राखीव तारखा

देऊळगाव राजातील तमाम नागरिक, आजी-माजी विद्यार्थी आणि सहलीची चिठ्ठी वाचून कपाळाला हात लावलेले सर्व पालक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, भूगोलाचे निवृत्त शिक्षक दिगंबर मास्तर यांचं देहावसान ठरल्या वेळापत्रकानुसार, परंतु एका फेरबदलासह झालं. सदर फेरबदलात प्रस्तुत लेखकाचा व त्याच्या जुन्या व्हॅनचा हात होता. कोणी हसू नये. मी स्वतः अजून हसलेलो नाही. प्रयत्न मात्र चालू आहे.

मास्तरांच्या सहलीच्या चिठ्ठीवर तीन तारखा असत आणि तीन गावं. ‘बुधवारी लोणार. न जमल्यास शुक्रवारी सिंदखेड राजा. तेही न जमल्यास सोमवारी शेगाव.’ माझे वडील एकदा चिठ्ठी हातात घेऊन शाळेतच गेले. म्हणाले, “सर, बुधवारी नाही जमलं तर शुक्रवारी लोणारलेच काऊन नाही जायचं?”

“कारण बुधवारची सकाळ शुक्रवारी तिथं नसते,” मास्तर म्हणाले आणि वर्गात निघून गेले. वडील घरी येऊन आईला म्हणाले, “पोराची शाळा बदलावी लागते का पाहू.”

हे खूळ चंद्रावरून आलेलं होतं. माणसं पहिल्यांदा चंद्रावर उतरली तेव्हा मास्तर शाळेत शिकत होते आणि सुलतानपूरच्या घरी रेडिओला कान लावून बसले होते. पुढे शिक्षक झाल्यावर वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात त्यांना कळलं की उड्डाणाच्या तारखा तीन होत्या: सोळा, अठरा आणि एकवीस जुलै. बुधवार, शुक्रवार, सोमवार. आणि दर तारखेला चंद्रावर उतरायची जागा निराळी. उतरताना सूर्य खाली हवा, सावल्या लांब हव्यात. सूर्य वर चढला की सावली जाते आणि खड्डा कुठला, सपाट जमीन कुठली, हे वरून उमगत नाही. चंद्रावर सकाळ हळूहळू पश्चिमेकडे सरकत जाते. म्हणून उड्डाण दोन दिवस लांबलं, तर सकाळ जिथे पोचली असेल तिथली जागा धरायची. तिन्ही तारखा हुकल्या तर महिनाभर थांबायचं.

“ते गेले पहिल्याच तारखेले,” मास्तर सांगत, “म्हणून बाकीच्या दोन कोणाले माहीतच नाहीत. मले त्या दोन तारखांची लई दया येते बे. तयार होऊन बसल्या होत्या बिचाऱ्या.”

आमची सहल मात्र पहिल्याच तारखेला निघाली. लोणारच्या विवराच्या काठावर त्यांनी सूर्योदयाला आम्हाला एका रांगेत उभं केलं. पाठीशी सूर्य, समोर खोल उतारावर पसरलेल्या आमच्या लांबच लांब सावल्या. “सुधाकर, मोज,” मास्तर म्हणाले. आम्ही बेचाळीस आणि मास्तर एक. मी सावल्या मोजल्या. चव्वेचाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या, चव्वेचाळीस. मास्तरांनी स्वतः बोट फिरवत मोजल्या. वारा नव्हता, खाली पाण्यावरचे पक्षीही ओरडायचे थांबले होते.

“असू दे,” ते हळूच म्हणाले. “ती राखीव आहे.”

बेचाळीस पोरं एकमेकांचे हात धरून डबे उघडायला गेली. त्या दिवशी माझी पोळी कोरडीच घशात अडकली, ती मला वाटतं अजून तिथेच आहे.

पुढे मी बसस्टँडसमोर वह्या-पेनांचं दुकान टाकलं आणि मास्तर निवृत्त झाले. रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसत. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकलं. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता औषध चालू ठेवा आणि घरी जपा. सुमनकाकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, ते ऐकलं आणि जपणं म्हणजे काय ते आम्हाला दाखवलं. मास्तरांना खिडकीसुद्धा उघडायची परवानगी उरली नाही. “अजून एक उन्हाळा तरी यांच्यासंगं काढायचा हाय मले,” त्या म्हणायच्या. “जास्त नाही मागत.”

आणि फाल्गुनात मास्तरांनी चिठ्ठी काढली. तीच जुनी घोटीव अक्षरं. ‘बुधवारी राहत्या घरी. न जमल्यास शुक्रवारी शेगाव. तेही न जमल्यास सोमवारी सुलतानपूर.’

“हे काय हो?” काकूंनी विचारलं.

“पाहुण्यांची धावपळ नको. माधुरीले पुण्याहून रजा काढावी लागते.” माधुरी त्यांची मुलगी.

“सहल हाय का ही?”

“तुले भूगोल कधी समजलाच नाही.”

काकूंनी चिठ्ठी देवामागे ठेवली आणि मला म्हणाल्या, “डोकं फिरलं यांचं.” पण बुधवारी सकाळी सातला त्यांचा फोन आला तेव्हा आवाज निराळा होता. मी धावत गेलो. मास्तर पूर्वेच्या दारात खुर्चीवर बसले होते, डोळे मिटलेले, ओठ निळसर. हात धरला तर दगडासारखा गार. मोरीतला नळ वर्षानुवर्षं गळत आलेला. तोही त्या वेळी गळायचा थांबला होता. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. ऊन उंबऱ्यावर आलं, मास्तरांच्या पायांवर चढलं, गुडघ्यापर्यंत आलं. आणि मास्तरांनी डोळे उघडले.

“थांबवलं,” ते म्हणाले. “शेवटच्या घडीले थांबवलं. चहा ठेव.” मोरीत नळ टपकला. मी, वय वर्षं पन्नास, किंचाळलो.

त्या दिवसापासून काकूंना भूगोल समजला. त्यांनी मला ओट्यावर गाठलं. “तारखेले जागा बांधलेली हाय ना? मंग यांना जागेवर पोचूच देत नाही मी.” शुक्रवारी मास्तर शेगावला निघायला धोतर नेसून तयार झाले, काकूंनी चपला लपवल्या आणि मास्तर दिवसभर लहान मुलासारखे झोपले. श्वास एकसारखा, गालावर लाली. काकू बाहेर येऊन मला विजयी चेहऱ्याने म्हणाल्या, “पाह्यलं?”

रविवारी मास्तरांचा निरोप आला: उद्या व्हॅन घेऊन येजो, सुलतानपूरले बहिणीकडे जायचं आहे. पाठोपाठ काकूंचा: गाडी बिघडली म्हणून सांगजो. मी जन्मभर मास्तरांशी एकदाही खोटं बोललो नव्हतो; तसं धैर्यच नव्हतं. सोमवारी सकाळी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “सर, क्लच गेला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. काकू ताकाचा पेला धरून छताकडे बघत होत्या.

“बरं,” मास्तर म्हणाले. “मंग महिन्याने.”

त्या महिन्यासारखा महिना मी त्या घरात पाहिला नव्हता. माधुरी येऊन आठ दिवस राहून गेली. काकूंनी खिडक्या उघडल्या. दोघं सकाळी अंगणात बसत आणि मास्तर काकूंना सावल्या दाखवत: तुळशीची, दोरीवरच्या लुगड्याची, त्यांच्या स्वतःच्या नाकाची. “चाळीस वर्षं झाली,” काकू एकदा म्हणाल्या, “यांनी मले पहिल्यांदाच वर्गात बसवलं.” मात्र कोनाड्यात कोळशाच्या रेघा वाढत होत्या. त्या पहिल्या बुधवारनंतर रोज एक, काकूंच्या हाताने; चंद्राचा महिना एकोणतीस दिवसांचा. एकोणतिसावी रेघ गुरुवारी येत होती आणि गुरुवारची जागा पुन्हा पहिलीच होती: राहतं घर.

बुधवारी काकू दुकानात आल्या. “उद्या सूर्य उगवायच्या आत गाडी आणजो.”

“कुठं जायचं, काकू?”

“कुठंबी. घर सोडून कुठंबी!”

गुरुवारी अंधुक उजेडात आम्ही मास्तरांना व्हॅनमध्ये बसवलं. त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, “क्लच भेटला का बे?” मी सिंदखेड राजाच्या रस्त्याला लागलो. शेगाव नको, सुलतानपूर नको, मध्येच कुठेतरी फिरवून दुपारी परत आणायचं, असं ठरलं होतं. काकू त्यांचा हात धरून मागे बसल्या होत्या आणि दर किलोमीटरच्या दगडाला त्यांचा चेहरा उजळत होता. घर मागे पडत होतं.

समोर सूर्य वर आला. रस्त्याच्या कडेला चैत्रातलं नांगरलेलं रान, काळ्या ढेकळांचं, आणि एकेका ढेकळामागे हातभर सावली. सगळं रान खड्ड्याखड्ड्यांचं दिसत होतं. तिथे झाड नव्हतं, माणूस नव्हता.

“थांबव,” मास्तर म्हणाले.

“नाही थांबवायचं,” काकू म्हणाल्या.

“सुमन, जागा चिठ्ठीवर नसते. जिथं सकाळ असते तिथं जागा असते. थोडं पाहू दे.”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. या वेळी त्यांनी मला काय सांगायचं ते सांगितलं नाही. मी गाडी थांबवली. आम्ही त्यांना उतरवलं, मी दार लावलं आणि तिघे रानाच्या कडेच्या धुऱ्यावर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलो. मास्तर त्या ढेकळांकडे असे बघत होते की जणू खूप उंचावरून बघतायत.

“मोज,” ते म्हणाले.

मी मागे वळलो. जुनी सवय. माणसं तीन. सावल्या चार. चौथी व्हॅनच्या उघड्या दाराची होती, असं मी सगळ्यांना सांगतो. दार मी लावलं होतं.

“किती?”

“चार, सर.”

“हाव,” मास्तर म्हणाले आणि समाधानाने काकूंच्या खांद्यावर मान टेकवली. मी पुन्हा मोजल्या, तेव्हा तीन होत्या.

काकूंनी त्यांचा हात चोळला. मग गाल. मग त्या मोकळ्या रानात, माझ्याकडे न बघता, अगदी भांडायच्या आवाजात ओरडल्या, “अहो, अजून दोन तारखा बाकी हायेत ना!”