मोसंबीचा रस, दिवसातून तीनदा

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली, आणि गेल्या महिन्यात एक कागद माझ्या हाताने शाळेत देऊन आलो, तेव्हापासून घरात एका जागी बसवत नाही. लिहायला बसतो, उठतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो. तरी आज लिहितोच.

"वरचे चार दात मुळापर्यंत किडलेत. दाढेखाली पू साचलाय, तो गालात पसरायला लागलाय. दाखल करावं लागेल." परभणीच्या मुलांच्या डॉक्टरांनी माझ्या नातीचा ओठ बोटाने वर उचलला आणि हे सांगितलं. ईश्वरी तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. डावा गाल इतका सुजला होता की डोळा अर्धा मिटला होता. अंगात ताप. कडेवर घेतलं तर कानशिलाची आग माझ्या मानेला लागत होती.

डॉक्टरांनी दोन नावं सांगितली. अर्ली चाइल्डहुड केरीज, म्हणजे कोवळ्या वयातच दुधाच्या दातांना लागलेली कीड. आणि सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखाली पसरत चाललेला जंतुसंसर्ग. मग त्यांनी विचारलं, "बाळाला बाटली देता का?"

"नाही सर. बाटली कधी लावलीच नाही," माझी सून सीमा म्हणाली.

"अंगावर पिते?"

"हो सर. रात्री उठली की पाजते."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी सीमाच्या मागे उभा होतो. माझ्या खांद्याला कापडी थैली होती, आणि त्या थैलीत टॉवेलात गुंडाळलेली बाटली होती. तळाशी दोन बोटं मोसंबीचा रस उरलेला.

मी थैली काखेत घट्ट दाबून धरली.

ही बाटली आली कुठून, ते सांगतो. जिंतूरला एका डॉक्टरांकडे मी चौतीस वर्षं कंपाउंडर होतो. टायफॉइड उतरला, कावीळ ओसरली, बाळंतपण झालं, की आमचे डॉक्टर म्हणायचे, मोसंबीचा रस द्या. हजार वेळा ऐकलं असेल. रस ही माझ्या लेखी खाण्याची वस्तू राहिलीच नव्हती, ते औषध झालं होतं. औषध कधी कुणाला बाधतं का?

माझी बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी ईश्वरी झाली. मुलगा प्रशांत खतांच्या कंपनीत, कायम फिरतीवर. सीमा एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला जायची, सकाळी नऊची एसटी, यायला साडेपाच. पोरगी दहा महिन्यांची झाल्यावर ती माझ्याकडे राहू लागली. जाताना सीमा रोज बजावायची, "मामा, बाटली नका बरं लावू. वाटी-चमच्यानंच द्या. वरणभात मऊ करून ठेवलाय."

पहिले दोन महिने मी तसंच केलं. मग वर्षाची व्हायच्या सुमारास तिला जुलाब झाले. मलूल पडली, काही घेईना. मी बसस्टँडजवळच्या गाड्यावरून मोसंब्या आणल्या, रस काढला, चमचाभर साखर घातली आणि पाजला. ती टवटवीत झाली. जुलाब तिसऱ्या दिवशी आपोआप थांबायचे असतात, ते थांबले. श्रेय मी रसाला दिलं.

चमच्याने वेळ लागायचा, सांडायचं, म्हणून बाटली आणली. आमच्या काळी मिक्श्चरच्या काचेच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचो. पट्टीला कात्रीने खाचा पाडलेल्या, एक खाच म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळायचं. तशीच पट्टी मी नातीच्या बाटलीला लावली. तीन खाचा. दहा वाजता एक, एक वाजता एक, चार वाजता एक. पट्टी लावली आणि मला वाटलं, मी शास्त्रशुद्ध काहीतरी करतोय.

दुपारचा डोस ती झोपताना घ्यायची. बाटली तोंडात, डोळे मिटलेले. मी तिच्या शेजारी पेपर वाचायचो. मोसंबीचा हंगाम नसला की दुकानातून फळाचं चित्र असलेले रसाचे खोके आणायचो. सीमा यायच्या आत बाटली धुऊन जुन्या औषधांच्या कपाटामागे ठेवायचो. म्हणजे काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं. ज्याची खात्री असते ते माणूस कपाटामागे ठेवत नाही.

आणि खरं सांगायचं तर जीवनसत्त्वाचं निमित्त होतं. पोरगी रडली की मला सुचत नसे. बाटली दिली की ती हसायची, मला बिलगायची. दिवसभर माझ्याकडे राहूनही आई दिसली की ती मला विसरायची. बाटलीच्या वेळी मात्र ती माझी असायची.

ती वरणभात खाईना. पोट रसानेच भरलेलं. सीमा डबा उघडून बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. "मामा, निम्मं पण खाल्लं न्हाई हिनं." मी म्हणायचो, "दात येतायत, म्हणून असेल." पुढच्या दातांवर आधी खडूसारख्या पांढऱ्या रेषा आल्या, मग पिवळट झाल्या, मग तपकिरी. मी म्हणालो, दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत.

तर परभणीला दाखल केलं. सलाइनमधून अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध, सुरू झालं. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लोहाचा लाल भाग, खूप कमी निघालं. सूज उतरल्यावर भूल देऊन दात काढावे लागतील, पण इतक्या कमी रक्तावर भूल देणं धोक्याचं, आधी औषधाने रक्त वाढवू, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी सुईच्या दुखण्याने ईश्वरी रडत होती. तिने खाटेवरून माझ्या थैलीकडे हात केला. थैलीकडेच. मी पायाने थैली खाटेखाली सरकवली. सीमा म्हणाली, "काय पायजे गं पिलू? आबाकडं जायचं?" तिने पोरीला माझ्याकडे दिलं. पोरगी माझ्या खांद्यावरून खाली वाकून थैली शोधत राहिली.

मी जिना उतरलो. पट्टी नखाने खरवडून काढली, खिशात टाकली आणि बाटली दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. वर आलो तर माझी थोरली बहीण आक्का गावाहून येऊन बसली होती. डॉक्टर काय म्हणाले ते तिला कळलं होतं.

"म्या तवाच म्हनलं होतं," आक्का सीमाला सुनावत होती, "दोन वर्साचं लेकरू अंगावर पाजतंय का कुनी? रातभर दूध तोंडात. दात सडंल न्हाई तर काय व्हईल? आन् दिसभर शाळा! लोकाची लेकरं शिकवायलीस, तुझं हितं वाळायलंय."

सीमा खाली बघत होती. फोनवर प्रशांतही तेच म्हणाला. "बंद कर ते पाजणं आता."

मी पाणी आणायला गेलो. आक्काचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. त्याच दिवशी सीमाने कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावला आणि पोरीचं दूध तोडलं. एकाच आठवड्यात त्या लेकराचं आईचं दूधही गेलं आणि बाटलीही गेली. ती दिवस दिवस रडली. सगळ्यांना वाटलं, दुधासाठी रडते. ती स्वयंपाकघरातून धडपडत माझ्या औषधाच्या कपाटाशी जायची आणि त्याच्यावर हात आपटायची. सीमा म्हणायची, "हिला कपाटात काय दिसतंय?" मी म्हणायचो, "लेकरू हाय, खेळत असंल."

रक्त वाढायला सहा आठवडे लागले. लोहाचं औषध कडू, ती थुंकायची. दर आठवड्याला एसटीने परभणी, तपासणी, बाकावर वाट बघणं, परत. त्या बाकावर मी आणि सीमा शेजारी बसायचो. मला बोलायला सहा आठवडे होते. मी भिंतीवरची लसीकरणाची पाटी पाठ केली.

मुलांच्या दातांच्या डॉक्टर बाई होत्या. शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांनी एनबीएमचा कागद लावला, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. नऊला आत नेलं. अकराला बाई बाहेर आल्या. हातात गॉजचा तुकडा होता, त्यात पाच दात. वरचे चार आणि एक दाढ. चार दात म्हणजे नुसती तपकिरी खुंटं होती.

बाईंनी मला आणि सीमाला बाजूला बसवलं. "पुढचे दात यायला सात-आठ वर्षांची व्हावी लागेल. तोवर असंच. पण मला एक सांगा. नुसत्या अंगावरच्या दुधाने इतकं झालेलं मी सहसा बघत नाही. गोड पाणी, सरबत, फळांचा रस, असं काही देता का? खरं सांगा, रागवत नाही मी."

सीमा म्हणाली, "नाही मॅडम. मी शाळेत असते, पण मामा असतात घरी. मामा?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. इतकं सोपं दार पुन्हा कुणी उघडून दिलं नाही.

मी म्हणालो, "सणावाराला. चमचाभर."

सीमाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार होते. मी घराची बाजू सावरली असं तिला वाटलं. ती नजर मला अजून झोपू देत नाही.

बाई पुढे बोलल्या ते मी घरोघरच्या आजी-आजोबांसाठी इथे लिहितो. वर्षाच्या आत फळांचा रस द्यायचाच नाही. वर्षानंतरही त्याची गरज नसते. फळ चावून किंवा कुस्करून खाऊ द्यावं, म्हणजे चोथाही पोटात जातो. द्यायचाच झाला तर कधीमधी, जेवणाबरोबर, दिवसात अर्ध्या वाटीहून जास्त नाही, आणि उघड्या पेल्यातून. बाटलीतून कधीच नाही, झोपताना तर मुळीच नाही. झोपेत लाळ कमी होते आणि गोड पाणी दातांवर तसंच बसून राहतं. फळातली साखरही दाताला साखरच असते. घरी काढलेला असो की खोक्यातला. रोज पोट भरून रस प्यायलं तर भूक मरते, आणि भूक मेली की रक्त उतरतं. चौतीस वर्षं मी औषधं दिली, आणि हे मला बाकावर बसून कळलं.

सीमाने शाळा सोडली. मुख्याध्यापकांनी, बाई, थोडे दिवस रजा घ्या, असं दोनदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "माझ्या नोकरीनं पोरीचे दात गेले सर." हे तिने मला स्वतः येऊन सांगितलं, जेवण वाढता वाढता. मी ऐकलं आणि जेवलो. आता ती पुढच्या खोलीत शिकवणी घेते. सकाळची नऊची एसटी आमच्या घरावरून जाताना हॉर्न वाजवते, तेव्हा ती अजून घड्याळाकडे बघते.

ईश्वरी चांगली वाढली. रक्त भरलं, गालही भरले. पण सात वर्षांची होईपर्यंत पुढे दात नव्हते. माझीही कवळी. गल्लीतले लोक हसायचे, "आजा आन् नात, दोघायला एकच खिचडी!" मीही हसायचो. बालवाडीत पोरं तिला म्हातारी म्हणायची. ती तोंडावर हात धरून हसायला शिकली. आता सरळ, पांढरे दात आलेत, तरी हसताना हात अजून वर जातो.

गेल्या महिन्यात शाळेत दंततपासणी होती. पालकांनी फॉर्म भरून द्यायचा होता. सीमा पोळ्या करत होती, म्हणाली, "मामा, बाजारात चाललात तर एवढा फॉर्म शाळेत द्या." रस्त्यात चष्मा लावून मी वाचला. 'यापूर्वी दात काढले असल्यास कारण' असा रकाना होता. त्यापुढे सीमाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'आईने रात्री अंगावर पाजल्यामुळे.'

माझ्या खिशात पेन होतं. एक ओळ खोडायची होती. मी शाळेच्या फाटकाशी बराच वेळ उभा राहिलो. शिपाई म्हणाला, "आबा, कुनाला न्यायला आलात?" मी फॉर्म त्याच्या हातात दिला.

घरी आलो तेव्हा सीमा ओट्याशी मोसंबी सोलत होती. रस नाही. ती एकेका फोडीचं पांढरं सोलून, बिया काढून, बशीत मांडत होती. दातांच्या डॉक्टर बाईंनी सांगितलेलं तिने एक दिवस मोडलेलं नाही.

"सीमा," मी म्हणालो.

"काय मामा?"

"फॉर्म दिला."

"बरं झालं. हे घ्या, तुमाला पण ठेवल्यात दोन फोडी."

मी त्या खाल्ल्या. ती पट्टी मी टाकलेली नाही. माझ्या जुन्या कागदांत आहे, पिवळी पडलेली, तीन खाचांची. रोज वाटतं, ती तिच्या हातावर ठेवावी आणि बोलावं. जे बोलायचं ते पाठ आहे. ते एवढंच आहे:

सीमा, ते तुझं दूध नव्हतं. तुझी शाळा नव्हती. तू नको म्हणाली होतीस, तरी बाटली मी लावली, रोज तीनदा, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुझ्यामागे लपलो. चूक माझी होती, बाई. मला माफ कर.