पटाच्या माइकवरचे काकाजी

कॉलेजच्या पहिल्या दिवशी डीनसाहेबांनी भाषणात सांगितलं, हे कॉलेज खेड्यापाड्यांसाठी आहे, डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून तुमचं काम सुरू होतं. मी भक्तिभावाने मान हलवत होतो. डोक्यात धरमपेठेतला त्वचारोगाचा एसी दवाखाना होता, आणि बाहेर पितळेची पाटी.

पहिल्याच वर्षी आम्हाला प्रत्येकाला खेड्यातलं कुटुंब दत्तक मिळालं. दत्तक म्हणजे अधूनमधून कॉलेजची बस आम्हाला कोराडीच्या पलीकडच्या गावात नेऊन सोडायची आणि हाडांच्या नावांपलीकडे काहीही न येणारी आम्ही पोरं पांढरे कोट घालून लोकांच्या घरात शिरायचो. माझ्या वाट्याला आले काकाजी आणि काकू. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात दोघंच. काकाजींची शेती होती, पण पंचक्रोशीत त्यांना शेतीसाठी कोणी ओळखत नव्हतं. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, माइकवर बोलणारा माणूस ही त्यांची ओळख. हिवाळा लागला की गावोगावचे लोक त्यांना न्यायला यायचे. ते बोलायला लागले की हरलेल्या जोडीचा मालकही थांबून ऐकायचा म्हणे.

पहिल्या भेटीत मी काकाजींच्या दंडाला पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या, हवा भरली, सोडली. काहीही ऐकू आलं नाही. पण सांगायला तर हवं.

"किती हाय?"

"एकशेवीस-ऐंशी," मी म्हटलं. पुस्तकात तोच आकडा होता.

मग काकूंचं पाहिलं. एकशेवीस-ऐंशी. शेजारचे म्हातारबुवा हौसेने हात पुढे करून बसले होते, त्यांनाही तेवढंच दिलं.

"बाप्पा!" काकाजी म्हणाले. "साऱ्या गावाचा एकच बीपी! हे मशीन हाय का आमच्या सरपंचाचं भाषण?"

त्यानंतर खर्ऱ्याचे दुष्परिणाम सांगायचे होते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घोटून केलेला तो खर्रा आमच्याकडे चहाच्याही आधी लागतो. मी तावातावाने गालाच्या आतलं कातडं कसं कडक होतं ते सांगत होतो, आणि तक्ता दाखवायला वाकलो तशी माझ्याच खिशातून पुडी खाली पडली. काकाजींनी ती उचलली, वास घेतला.

"काहून गा डॉक्टर, हे औषध कोणाले द्याचं होतं?"

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी बुडालो होतोच, म्हणून वर्गात नुकतीच शिकलेली युक्ती काढली. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. काकूंची गेली. माझी अडीच गेली, तीही ढकलून. काकाजींची दोनही जाईनात. आम्ही हसतच होतो. मी मोबाइलचा दिवा त्यांच्या तोंडात धरला तेव्हा डाव्या गालाच्या आत एक पांढरा, खडबडीत चट्टा दिसला, मध्ये लाल. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून आमच्यासोबत आलेल्या, बाहेर लिंबाखाली बसलेल्या कॉलेजच्या मॅडमना बोलावलं. मॅडमनी पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

तुकडा काढून तपासला. जे यायचं तेच आलं. सर्जन म्हणाले, गाल काढावा लागेल, जबड्याचा तुकडा, जिभेची कडही. लवकर केलं तर माणूस राहील. आणि त्यांनी जी तारीख दिली ती गावच्या पटाच्या आधीची होती.

"पट होऊ द्या न साहेब," काकाजी म्हणाले. "मंग काय कापाचं ते कापा."

सर्जननी नकारार्थी मान हलवली. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. कारण दवाखान्यात ओळखीचा माणूस लागतो, आणि देवाच्या कृपेने त्यांचा ओळखीचा माणूस मी होतो. मी घसा साफ केला.

"काकाजी, तब्येत सांभाळली तर पट पुढच्या वर्षीही आहे."

"अन् बोलन कोण? तू?"

काकू इतका वेळ पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जिंदगीभर तुमी बोलले अन् मी ऐकलं. आता मी बोलून राहिली, तुमी ऐका. साहेब, तेच तारीख ठेवा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेलो तर आत आरडाओरडा. दोन वॉर्डबॉय एकेक रिकामं स्ट्रेचर घेऊन लांबलचक वऱ्हांड्यातून चालले होते. काकाजी कॉटवर उभे, हातात पाण्याची बाटली माइकसारखी धरलेली.

"एक्स-रेवाल्यायची जोडी उभी हाय! बाजूले पोस्टमार्टमवाल्यायची! पब्लिकनं बाजूले व्हा, सलाइनच्या नळ्या सांभाळा! सुटली, सुटली, सुटलीऽऽ!"

आणि ते दोघं खरंच पळायला लागले. पाय बांधलेले, पोट शिवलेले, नाकात नळी असलेले पेशंट कोपरांवर उठून पाहत होते. पोट शिवलेला एकजण हसताना पोट धरून रडत होता. सिस्टर धावत आल्या.

"ओ बाबाजी, हे काय लावलं? खाली उतरा पहिले!"

"उतरतो वं माय. उद्या तुमीच मले चूप करून राहिल्या न."

सिस्टर चादर सारखी करत राहिल्या. मी कोपऱ्यात उभा राहून टाळ्या वाजवल्या. वॉर्डात टाळ्या वाजवणारा मी एकटाच निघालो, म्हणून हात खिशात घातले.

जीभ ठरल्यापेक्षा जास्त गेली. मांडीचं कातडं गालाला लावलं होतं, तिथे केसही उगवायला लागले. काकाजी बोलायचे तेव्हा ओल्या गोणपाटातून यावा तसा आवाज यायचा. मी प्रत्येक वाक्याला "हो काकाजी, हो" म्हणायचो. एकदा त्यांनी काहीतरी विचारलं, मी "हो हो" म्हटलं, आणि ते माझ्याकडे इतक्या शांतपणे पाहत राहिले की मी नाडी मोजायचं नाटक केलं. त्या दिवसांत मी वसतिगृहाच्या आरशापुढे रोज तोंडात बोटं घालून पाहायचो. खर्रा सुटला. तत्त्व वगैरे काही नाही, फाटली होती.

गावचा पट भरला त्या दिवशी मी मित्राची गाडी घेऊन गेलो. वाटलं, अशा दिवशी काकाजींपाशी कोणीतरी असावं. ते ओसरीवर बसले होते, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. मैदान तिथून जवळच होतं आणि भोंगा तर समोरच्या लिंबालाच बांधला होता. भंडाऱ्याकडून बोलावलेला कोणी पोरगा बोलत होता, एका दमात, जोडीमालकाचं नाव आणि वेळ एकमेकांत कालवून. काकाजी ऐकत होते. मग माझ्याकडे वळून काही बोलले. पुन्हा बोलले. मला अर्थ लागला नाही. आतून काकूंनी सांगितलं, "त्या पोराले जाऊन सांग म्हणतात, नाव घेतलं का जरासा थांबत जा. लोकायले टाइम समजून नाही राहिला."

मी गर्दीतून स्टेजवर चढलो आणि निरोप दिला.

"कोण काकाजी?" पोरगा म्हणाला.

"या गावचे. आधी तेच बोलायचे न इथं."

"ते? ते तर वारले म्हणे न गा!"

माइक त्याच्या तोंडापाशीच होता. वाक्य सगळ्या भोंग्यांतून गावभर गेलं.

त्या वेळी गप्प बसणारी माणसं जगात असतात. मी माइक हिसकावला आणि ओरडलो, "नाही, नाही! जिवंत आहेत! फक्त बोलता येत नाही!"

तेही गावभर गेलं. घरोघरी सगळ्यांना माहीत होतं, पण काकाजींच्यादेखत आजवर कोणी बोललं नव्हतं. मैदानातल्या साऱ्या माना स्टेजकडे वळल्या. वडे तळणाऱ्या बाईनेही वर पाहिलं. खाली उडी मारून पळावं असं मला वाटत होतं, पण मी नुसता माइक पोराच्या हातात परत कोंबला.

थोड्या वेळाने गर्दी मधूनच फाकली. काकाजी आले. दुपट्टा काढलेला होता. कोणी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कोणी बैलांकडे पाहायला लागलं. ते स्टेजवर चढले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. पोराने कान पकडले, पाया पडला आणि दोन्ही हातांनी माइक पुढे केला.

काकाजींनी तो घेतला नाही. त्यांनी मैदानाच्या टोकाकडे हात केला. तिथे एक जोडी कधीची उभी होती. बैल पाय आपटत होते आणि धरणाऱ्यांचे हात भरून आले होते.

पोराने घाईघाईने नाव पुकारलं, मग थांबला, मोजूनमापून थांबला. जोडी सुटली. लोक ओरडले, शिट्ट्या वाजल्या, धूळ स्टेजपर्यंत आली. पोराने वेळ सांगितली, शेवटच्या रांगेलाही कळेल अशी.

काकाजी तोवर घराच्या वाटेला लागले होते. दुपट्टा परत गुंडाळत.