दाबसोड मास्तर

गाडी शिकवणारे गावात आणखीही होते, पण 'दाबसोड मास्तर' एकच. उभी हयात त्यांनी बाजूच्या सीटवर काढली, आणि तोंडात कायम एकच जप: "ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरू नका हो! चाकं जाम झाली की मग फिरवत बसा स्टिअरिंग! दाब, सोड. दाब, सोड." कुणी चिडवलं तर म्हणायचे, "हसा लेको! हसायला शिल्लक आहात ते माझ्यामुळेच."

आणि जुन्या गाड्यांना तोच उपाय होता, बरं का. मास्तर थापा मारत नव्हते.

लेकीला तर त्यांनी जेवणाच्या टेबलावरच तयार केलं. तिच्या पायाशी चप्पल ठेवायची आणि मध्येच ओरडायचं, "कुत्रं आलं!" पोरगी घास टाकून चपलेवर पाय मारायची. दाब, सोड. बायको कपाळाला हात लावायची, आणि मास्तरांची छाती फुगायची. पुढे लेकीनंही आपल्या मुलीबरोबर हाच खेळ खेळला.

मग लेकीनं नवी, एबीएसवाली गाडी घेतली. एबीएस म्हणजे काय हे मास्तरांना ठाऊक नव्हतं थोडंच? चाक जाम व्हायला लागलं की गाडी स्वतःच दाबसोड करते, माणसाच्या पायाला जमणार नाही अशा वेगानं. आपण फक्त दाबून धरायचं आणि वळवायचं. पण 'आता माझं जुनं विसर' हे लेकीला सांगायचं राहून गेलं. एवढंच राहिलं हो, एवढंच!

ओल्या उतारावर पुढे ट्रक आडवा आला. लेक गेली. शेजारी बसलेली नात हातावर निभावली. हात गळ्यात बांधून घरी आली आणि आजोबांना बिलगून म्हणाली, "आजोबा, आई शेवटपर्यंत तुमचंच म्हणत होती. दाब, सोड. दाब, सोड." बिचारीला वाटलं, म्हाताऱ्याला तेवढाच धीर येईल.  दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचं शिकवणं बंद. रस्त्यात कुणी त्या नावानं हाक मारली, तर ऐकू न आल्यासारखं करायचे.

आता नात मोठी झाली होती. "शिकेन तर तुमच्याकडेच," म्हणाली. मास्तरांनी नाही नाही ते बहाणे केले. पण तिच्या पायात काय मुरलंय, हे दुसऱ्या कुणाला कसं कळणार? शेवटी जावयाची गाडी घेऊन दोघं मोकळ्या मैदानावर गेले.

"मार ब्रेक! जोरात!"

ओल्या मातीवर पेडल करकरत थरथरलं. नातीनं दचकून पाय उचलला, आणि लगेच सुरू केलं: दाब, सोड. गाडी पार पुढे गेली.

"काढू नकोस पाय!" मास्तर ओरडले. "थरथरणं म्हणजे बिघाड नव्हे, गाडी तिचं काम करतेय. दाबून धर आणि मोकळ्या बाजूला वळव. आणि एबीएस आहे म्हणून शेफारू नकोस. खडीवर ही उलट जास्त लांब जाते. पुढच्या गाडीपासून अंतर आपलं आपणच ठेवायचं."

"पण आई तर..." नात बोलता बोलता थांबली.

खोटं बोलता आलं असतं. पण मग घाबरल्या क्षणी हिचा पाय आईचंच ऐकणार. मास्तर म्हणाले, "तुझी आई चुकली नाही, बाळा. तिनं बापाचं ऐकलं. बाप चुकला."

"दाबून धरलं असतं तर वाचली असती?"

"माहीत नाही गं. शपथेवर सांगतो, माहीत नाही. वेग तरी आणखी उतरला असता."

 नातीला एकदम हुंदका फुटला. "आणि त्या दिवशी मी तुम्हाला वर हे..."

"तू मला बरं वाटावं म्हणून बोललीस. पूस डोळे. परत घे."

या वेळी तिनं ब्रेक दाबला, तो दाबूनच धरला. पेडल थरथरलं, पाय हलला नाही. गाडी थांबली तरी शेजारून बारीक टपटप ऐकू येत होती. तिनं खाली पाहिलं. मास्तरांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, नुसती चटई होती. तिच्यावर त्यांचा पाय आपला चाललाच होता. दाब, सोड. दाब, सोड.

नातीनं त्यांचा गुडघा हातानं घट्ट धरला. "आजोबा, थांबली गाडी," ती म्हणाली. पण तो पाय काही थांबेना.